साध्या तेलाची वाटी

माझ्या वर्गाला येणाऱ्या बायकांना मी पहिल्या दिवशी काहीही हुंगायला देत नाही. कोऱ्या कागदाचे दोन तुकडे घेते, एकावर तिळाच्या तेलाचं बोट पुसते, दुसऱ्यावर रोशा गवताच्या तेलाचं, आणि दोन्ही तुकडे खिडकीतल्या उन्हात ठेवून देते. मग गप्पा, चहा, कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या केळीवर कसला रोग. ऊन कलायला लागलं की कागद आणते. पहिल्यावर भजी काढून ठेवल्यासारखा डाग पसरलेला असतो. दुसरा जवळजवळ कोरा. मी विचारते, दुसरं तेल कुठे गेलं? बायका एकमेकींकडे बघतात. मग एखादी हळूच म्हणते, आपल्या नाकात गेलं.

बरोबर. उडून जातं ते सुगंधी तेल. डाग ठेवतं ते खायचं, अंगाला चोळायचं तेल. एवढं कळलं की निम्मा विषय कळला.

पण तेवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हाई कसावर चालस?"

"कसावरच नही," मी सांगते.

चेहरे पडतात. पडू देत. रोशाच्या तेलानं साखर उतरत नाही, रक्तदाब खाली येत नाही, पोटातला खडा विरघळत नाही. तिळाच्या तेलात मिसळून आखडलेल्या खांद्यावर चोळलं तर जरा सैल वाटतं, दिवसभर रांधून डोकं भणाणलं असेल तर दोन खोल श्वास घेऊन जिवाला गार वाटतं. बरं वाटणं निराळं आणि बरं होणं निराळं. दुसऱ्यासाठी डॉक्टर आहेत. माझे एक नातेवाईक मला कायम समजावतात की नुसतं एकदा म्हण, साखरेवर चालतं म्हण, अख्खा तालुका दारात उभा राहील. मी म्हणते, माझं दार लहान आहे, तालुका मावणार नाही.

हे ठणकावून सांगायची सवय शाळेतली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या अलीकडे आमचं गाव आहे. शेती केळी-कपाशीची, घर स्लॅबचं. घरात सासूबाई, दीर, जाऊ आणि मी. माझे यजमान शेतातच गेले, मोटार चालू करायला म्हणून गेले आणि मोटारीजवळच बसून राहिले. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते वाटीबद्दल.

आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे तेलाच्या दोन वाट्या निघतात. एक मोठी, तिच्यात वासाचं तेल, वाळा-कचोरा घालून कोमट केलेलं, घरातल्या सगळ्यांसाठी. दुसरी लहान, साध्या तिळाच्या तेलाची. ती सासूबाईंची. सासरे तरुणपणीच गेले, तेव्हा माझे यजमान शाळेत होते आणि दीर तर रांगत होते. तेव्हापासून ती वाटी निराळी. उटणंही नाही, नुसतं डाळीचं पीठ. कोणी हा नियम केला हे घरात कोणाला माहीत नाही. कोणी तो बोलूनही दाखवत नाही. वाटी निघते आणि ती उचलली जाते.

यजमान गेल्यानंतरची पहिली दिवाळी झालीच नाही. दुसरीला मी पहाटे पाटावर बसले. जावेनं माझ्यापुढे वाटी ठेवली आणि लगेच चुलीकडे वळली. लहान वाटी होती. साधं तेल.

मी वाटीकडे बघत बसले. सासूबाई शेजारच्या पाटावर होत्या. त्या अगदी समजुतीच्या आवाजात, लहान पोराला सांगावं तसं बोलल्या, "आते तुले वास कसाले जोइजे?"

मी ते तेल लावलं. आंघोळ केली, फराळाला बसले, आल्यागेल्याला लाडू दिले. आणि दिवसभर आतल्या आत धुमसत राहिले. नवरा गेला होता, नाक गेलं नव्हतं. दारातली माती ओली झाली की मला वास येतच होता. दूध उतू गेल्याचा येत होता. मग चांगल्या वासानंच तेवढं माझ्यापुढून उठून का जायचं? त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला, आणि खरं सांगते, त्या रागानंच मला पुढची वर्षं चालवलं.

सुगंधी तेलांचा एक छोटा वर्ग सुरतेला असतो, हे मला शाळेतल्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं. नंदुरबारहून गाडीत बसलं की सुरत काही लांब नाही. मी घरी सांगितलं, जाते आहे. विचारलं नाही, सांगितलं. दीर म्हणाले, या वयात? मी म्हटलं, हो, या वयात.

शिकवणाऱ्या बाई फार गोड होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले, बाटली फिरवली आणि म्हणाल्या, आता समजा, तुम्ही जांभळ्या लव्हेंडरच्या शेतात उभ्या आहात. मी डोळे उघडले. म्हटलं, बाई, मी ते शेत जन्मात बघितलेलं नाही, मला तर कपाशीच दिसते. वर्ग हसला, त्याही हसल्या. मग एक बाटली आली, तिच्यावर विलायती नाव. मी हुंगली आणि चमकलेच. गुलाबासारखा, पण मागून गवताचा हिरवा उग्रपणा. माझ्या मामाच्या गुडघ्यांना हाच वास यायचा. आमच्या डोंगरउतारावरचं रोशा गवत, ज्याला कोणी तिखाडीही म्हणतं, ते विलायती नाव लावून सुरतेला माझ्यापुढे आलं होतं. मी म्हटलं, हे आमचं आहे. बाई म्हणाल्या, असेल, आणि पुढची बाटली उघडली.

पण शिकवलं त्यांनी मन लावून. हे तेल नुसतं अंगाला लावायचं नाही, आधी साध्या तेलात विरघळवायचं, लहान वाटीभर तेलात मोजके थेंब. लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला ते मिश्रण थोडं लावून एक दिवस वाट बघायची. डोळ्यांपासून लांब. पोटात कधीच नाही. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात जायचं नाही, कातडी काळवंडते. हे मी आमच्याकडे आणखी स्पष्ट सांगते: लावून कापूस वेचायला जायचं नाही. तान्ह्या बाळाच्या नाकाशी निलगिरी किंवा कापूर न्यायचा नाही, कोणी कितीही सांगो. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आणि बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, उन्हापासून दूर.

तेल कुठून आणायचं हा प्रश्न माझ्यापुरता सुरतेलाच सुटला होता, रोशा तर आमच्याच डोंगरात होतं. खांडबाऱ्याच्या पुढे ओढ्याकाठी एक नवरा-बायको पावसाळ्यानंतर रोशाची भट्टी लावतात. गवत फुलावर आलं की कापायचं, मोठ्या हंड्यात दाबून भरायचं, तळाशी पाणी, खाली जाळ. वाफ नळीतून निघते, नळी ओढ्याच्या वाहत्या पाण्यातून जाते, तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि त्या पाण्यावर तेल तरंगतं. ते अलगद काढून घ्यायचं. भलामोठा भारा गवत, आणि तेल बघायला गेलं तर तळाशी बोटभर. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा दिवसभर तिथेच बसून राहिले. अंगातून, केसांतून, डब्यातल्या भाकरीतूनसुद्धा रोशाचा वास येत होता, आणि तो मला नको म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

आता नंदुरबार जिल्ह्यात भट्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं हे सांगायला नको. परतताना बसच्या कंडक्टरनं माझ्या पिशवीतल्या डब्याकडे बघून विचारलं, "मॅडम, मोहाची का?" मी झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरलं. तो पुढची दोन गावं काही बोलला नाही. गावात मात्र बोलणं पोचलंच. मास्तरीणबाई भट्टीवर जातात. विधवा बाई, अत्तरं विकते. दिरांच्या कानावर ते पारावरून यायचं आणि ते जेवताना माझ्या ताटात टाकायचे. मी जेवत राहायचे.

पुढची खोली यजमानांची होती. ठिबकच्या नळ्या, खताची रिकामी पोती, जुना पंप. मी ती झाडून काढली, भिंतीला चुना दिला, फळी ठोकली, बाटल्या लावल्या आणि बायकांना बोलावलं. पहिल्या दुपारी दोघी आल्या, त्यांतली एक नुसती बघायला. हळूहळू खोली भरायला लागली.

सासूबाई वर्गाच्या दिवशी नेमक्या खिडकीखाली ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या, खोलीकडे पाठ करून. मला वाटायचं, पहारा आहे. कोण येतं, कोण जातं, हे संध्याकाळी दिरांना कळायला हवं ना. मी मुद्दाम मोठ्यानं शिकवायचे. ऐकायचंच असेल तर नीट ऐकू दे.

सगळ्यात जास्त घसा मी एकाच गोष्टीवर फोडते. आमच्याकडे तेल म्हणजे तळहातभर. बाळाच्या टाळूवर ओतायचं, गुडघ्यावर थापायचं, केसांत जिरेल तेवढं जिरवायचं. थेंबभर तेल लावणं म्हणजे आमच्या बायकांना पाहुण्याला अर्धी भाकरी वाढल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी कितीही सांगितलं तरी घरी गेल्यावर हात सैल सुटतो. कमी लावलं की कमी गुण, अशी समजूत. एकीनं मानेला नुसतं निलगिरीचं तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी लाल मान घेऊन माझ्याशीच भांडायला आली. मी तिला समोर बसवून पुन्हा पहिला धडा दिला.

गेल्या दिवाळीच्या आधी नवं तेल आलं. मी ते फळीवर ठेवलं आणि पुढच्या काही दिवसांत एकदा बाटल्या आणायला शहाद्याला गेले. परत आले तर जाऊ दारात उभी, दीर ओट्यावर येरझारा घालताहेत.

"वहिनी, तुम्हनी बाटलीनी मायले भाजी टाकं," दीर म्हणाले. "गुडघासले लायं तिनी. आग आग व्हई ऱ्हायनी. दखा आते."

सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला, त्या उकाड्यात. खोलीत शिरताच रोशाचा वास आला. मी तिळाचं तेल आणि कापूस मागवला, दार लावून घेतलं. असं नुसतं तेल भाजलं तर आधी पाणी लावायचं नाही, साध्या तेलानं पुसून काढायचं, मग साबण, मग पाणी. हे मी वर्गात सांगते. गुडघ्यावरचं लुगडं वर सरकवलं. गुडघे कोरडे, सुरकुतलेले, तसेच. कुठे लाली नाही.

मी वर बघितलं. त्यांनी मान फिरवली. मी पदर सोडवला.

दोन्ही कानांमागे आणि गळ्याच्या खळग्यात कातडी लालबुंद झाली होती, कानामागे तर फोड आले होते. एका दिवसाचं ते काम नव्हतं. रोज थोडं थोडं, नेमकं तिथे, जिथे नव्या नवरीला अत्तर लावतात.

"गुडघा दुखेत, म्हनीसन लायं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

 तेलात भिजवलेल्या कापसानं कानामागचं पुसत राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती, सगळे असंच लिहितात. मला आधी संताप आला. या बाईनं माझ्यापुढे ती वाटी ठेवू दिली होती. या बाईनं मला विचारलं होतं, वास कशाला हवा. आणि ती माझ्याच फळीवरून चोरून वास लावत होती.

जखम पुसून झाली तेव्हा मी विचारलं, "मंग माले का सांगं तुम्ही तसं, त्या दिवाईले?"



"माले जे सांगं व्हतं, तेच मी तुले सांगं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "इतला वरीस मन्हा नाकले कोनी इचारं का?"

खिडकीखालची खुर्ची मला तेव्हा कळली. पहारा नव्हता तो. बाहेर येणाऱ्या वाऱ्यात त्या बसत होत्या.

"थेंबभर लावा म्हनीसन शिकाडस ना तू," त्या म्हणाल्या. "माले वाटनं, इतलासा थेंबघाई काय व्हई." मला हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरले. राग गेला नाही. पण तो त्यांच्यावरून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

त्यांनी माझा हात धरला. "त्याले नको सांगू." मी मानेनं हो म्हटलं.

बाहेर आले तेव्हा दिरांचं ठरलेलं होतं. "दिवाईना आगोदर ती खोली खाली करा, वहिनी. बाटल्या काढी टाका. आज मायले भाजं, सकाय गावनी कोनी बाई भाजी. आपलं नाव जाई."

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तुमच्या आईचे गुडघे बघा आणि मग मान बघा, एवढंच म्हणायचं होतं, आणि खोली वाचली असती. पण ते वाक्य खर्चायला माझं नव्हतं. म्हातारीनं इतक्या वर्षांत स्वतःसाठी एकच गोष्ट केली होती, ती मी खोलीच्या भाड्यात देणार नव्हते.

"खोली खाली व्हवाव नही," मी म्हटलं. "भाजं ते तेल नुसतं लायं म्हनीसन. मी आखो जोरमा शिकाडसू."

दीर म्हणाले, दिवाळी झाली की मीच काढतो. मी म्हटलं, काढून बघा. जाऊ मधे उभी होती, ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच सासूबाईंना शहाद्याला घेऊन गेले, डॉक्टरांनी मलम दिलं, आणि दिवाळीपर्यंत कातडी बरीच निवली. तोवर घरात माझ्याशी कोणी कामापलीकडे बोललं नाही. मीही बोलायला गेले नाही. वर्ग मात्र घेतला, आणि खिडकी सताड उघडी ठेवली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाट मांडले गेले. जावेनं मोठी वाटी दिरांपुढे ठेवली. मग नेहमीप्रमाणे दोन लहान वाट्या, सासूबाईंपुढे एक, माझ्यापुढे एक. साधं तेल.

मी पदराला बांधून आणलेली बाटली काढली. माझ्या वाटीत मोजून थेंब टाकले, बोटानं ढवळलं. वास पाटांवरून सरकत गेला. दिरांचे हात केसांतच थांबले. मी वाटी उचलली, सासूबाईंच्या पाटाशी गेले आणि त्यांची साधी वाटी उचलून जावेच्या हातात दिली. म्हटलं, ही घे, हिच्यात पुऱ्या तळ.

"वहिनी," दीर म्हणाले, "गुडघा अजून बरा नहीत तिना."

मी थांबले. सांगायचं नाही असं कबूल केलं होतं. मी वाटी धरून नुसती उभी राहिले.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. सगळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात, कानामागचे फिकट डाग दिसू लागले. त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "गुडघा नही भाजनात मन्हा. अत्तर लावतस तसं लायं व्हतं मी. जास्त व्हई गयं."

 दिरांनी आईच्या मानेकडे बघितलं, मग तेलाच्या मोठ्या वाटीकडे, मग उठून न्हाणीघराकडे गेले. जावेनं साधी वाटी हातातच धरली होती.

मग सासूबाईंनी मनगट पुढे केलं. "आठे लाव," त्या मला म्हणाल्या. "मानले नको आते, ती जयेल शे."

मी एक बोट बुडवून त्यांच्या मनगटावर फिरवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं नाही. वाटी माझ्या हातून काढून घेतली, स्वतःचं बोट बुडवलं आणि माझा हात ओढून माझ्या मनगटावर तेल लावलं. मग तो माझा हात नाकाशी धरून डोळे मिटून बसल्या.

पाणी गार होत होतं, जाऊ दोनदा सांगून गेली. खोली अजून खाली झालेली नाही.